चार कामं एकदम सुरू, पैसे एकाचेही नाहीत

प्रश्न : मी यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवतो. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा ए ग्रेडने पास. ती घरी बसून चित्रं काढून देते. सध्या पुण्याच्या एका प्रकाशकाचं 24 पानी बालपुस्तक, दिवाळी अंकातल्या तीन कथांची चित्रं, इथल्या गारमेंटवाल्याचा गणवेशावरचा लोगो आणि नात्यातली एक लग्नपत्रिका अशी चार कामं एकदम चालू आहेत. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागते. एखाद्या महिन्यात 18 हजार येतात, एखाद्या महिन्यात दोनसुद्धा नाहीत. तिला बँकेच्या परीक्षेला बसवावं की हेच करू द्यावं? — एक वडील, सोलापूर

सप्रेम नमस्कार,

आपण जॉबर आहात, म्हणजे हे आपल्याला लगेच पटेल. चार मागांवरचे बीम (ताण्याच्या सुताचे रूळ) एकाच दिवशी संपले तर चारही माग उभे राहतात. जॉबर कितीही हुशार असला तरी त्याला हात दोनच. आपल्या मुलीचं नेमकं हेच झालेलं दिसतं. कामं चार आहेत ही अडचण नाही. चारही एकाच टप्प्यावर आली आहेत, ही आहे.

चित्रकाराचा वेळ चित्र काढण्यात जातो त्याहून जास्त दुरुस्त्यांत आणि उत्तराची वाट पाहण्यात जातो. 24 पानी पुस्तक म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या साधारण 12 जोड्या. काडेपेटीएवढ्या कच्च्या आराखड्यांना 2 दिवस, पेन्सिलीला जोडीमागे अर्धा म्हणजे 6 दिवस, रंगाला जोडीमागे एक म्हणजे 12, मुखपृष्ठ 2 आणि दुरुस्त्या 3. झाले 25 दिवस. शिवाय पेन्सिल पाठवल्यावर संपादकाचं उत्तर यायला दोन-तीन आठवडे सहज लागतात. लोगो, पत्रिका, अंकातली काळी-पांढरी चित्रं बसवायची ती या रिकाम्या आठवड्यांत. एक लांब काम आणि त्याच्या फटींत दोन आखूड, एवढंच एका माणसाला झेपतं. दोन पुस्तकं एकदम घेतली की दोन्हींचा रंग एकाच आठवड्यात येतो आणि जागरणं तिथून सुरू होतात.

दुसरी गळती दुरुस्त्यांची. पेन्सिलीत मुलाच्या हातातली छत्री काढून टाकायला दहा मिनिटं लागतात. रंग झाल्यावर तेच करायला पाऊस, सावली, मागची भिंत सगळं नव्याने रंगवावं लागतं. म्हणून काम घेतानाच लिहून द्यावं : पेन्सिलीला दोन फेऱ्या, रंगानंतर फक्त बारीक दुरुस्त्या, त्यापुढे वेगळे पैसे. "पेन्सिल मान्य" हे शब्द मेलवर आल्याशिवाय रंगाला हात लावू नये. फोनवरचं "छान आहे, चालू द्या" ही मान्यता नव्हे.

पैशांचे हप्तेही याच टप्प्यांना बांधावेत. काम सुरू करताना 30 टक्के, पेन्सिल मान्य झाल्यावर 40, छपाईची फाइल देण्याआधी 30. तोवर हजार पिक्सेलची, नाव टाकलेली प्रतच पाठवायची. दिवाळी अंकवाले बहुधा अंक बाजारात आल्यावरच मानधन देतात. म्हणून ते काम घ्यावं, पण त्या पैशांवर त्या महिन्याचा खर्च धरू नये.

दर "लोक काय घेतात" यावर ठरवू नये. समजा महिन्याला घरात 10,000 द्यायचे, वीज-इंटरनेट-सॉफ्टवेअरला 3,000, लॅपटॉप आणि पेन टॅबलेटच्या झिजेपोटी 3,000, शिल्लक 4,000. एकूण 20,000. रविवार सोडून 26 दिवस उरतात. त्यातले 10 दिवस मेल, बिलं, नमुने आणि फोनाफोनीत जातात. 16 दिवसांना भागलं की दिवसाला 1,250. मग 25 दिवसांच्या पुस्तकाचे 31,250 तरी हवेत. प्रकाशक 15,000 म्हणाला तर नाही म्हणायचं, किंवा पुस्तक लहान मागायचं, किंवा नमुन्यांच्या वहीत हे पुस्तक हवंच आहे म्हणून समजून-उमजून तोटा सोसायचा. पण हे आकडा समोर ठेवून व्हावं.

आता फाइलींचं. तिचा बराच वेळ इथेच जात असणार. कागदाचा आकार विचारल्याशिवाय पहिली रेघ मारू नये. ए-फोर आकाराचं चित्र 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) 2480 × 3508 पिक्सेल होतं आणि कापणीसाठी चारी बाजूंना 3 मिलिमीटर जास्त ठेवावे लागतात. दोन पानांवर पसरलेल्या चित्रात चेहरा घडीत येता कामा नये. स्क्रीनवर झगमगणारा निळा-हिरवा चार रंगांच्या छपाईत मळकट उतरतो. तो आधीच सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत, पाहून घ्यावा. काळी बाह्यरेषा फक्त काळ्या शाईची ठेवावी. ती चार शाईंची झाली आणि छपाईत रंग जरा सरकला, की रेषेला रंगीत कडा दिसते.

गणवेशावरचा लोगो भरतकामाचा असेल तर मिलिमीटरहून बारीक रेघ दोऱ्यात उमटत नाही. स्क्रीन प्रिंट असेल तर प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन, म्हणजे वेगळा खर्च. तीन रंगांत बसवलं तर गिऱ्हाईक पुन्हा येतं. पत्रिकेत देवनागरीचा घोळ असतो. फोटोशॉप-इलस्ट्रेटरमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा कंपोजर निवडला नाही तर जोडाक्षरं तुटतात आणि वेलांट्या सरकतात. प्रेसवाल्याकडे कोरल हे सॉफ्टवेअर असतं, आपला फॉन्ट नसतो. म्हणून अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांची नुसती चित्रं बनवून, द्यावीत, पण न केलेली प्रतही जपून ठेवावी. वराच्या मामाचं नाव शेवटच्या दिवशी बदलतंच.

वर्षाचा अंदाज घेतला तर उत्पन्न इतकं वर-खाली होणार नाही. गणवेशाचा हंगाम जूनच्या आधी, त्यामुळे त्याचे लोगो जानेवारी ते एप्रिल. दिवाळी अंकांची चित्रं जुलै ते सप्टेंबर. पत्रिकांचं काम तुळशीच्या लग्नाच्या आधीपासून. मधल्या रिकाम्या आठवड्यांत दोन-तीन नमुना चित्रं करून बालसाहित्याच्या प्रकाशकांना पाठवावीत. पुण्यातल्या ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं पाहावीत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रकथा फुकट वाचता येतात. गोष्ट आणि चित्र यांची वाटणी तिथे नीट कळते.

कागदपत्रांत कंटाळा नको. कॉपीराइट कायदा 1957 नुसार हक्क लेखी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरला जातो. पण पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, करारात वेगळं नसेल तर, पैसे देणाराही ठरू शकतो. म्हणून "फक्त या पुस्तकासाठी, मराठी आवृत्तीसाठी" असं एक वाक्य हवंच. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट होते. ती असली की पैसे देण्याची मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. टीडीएस कापला गेला तर रिटर्न भरून परत मागता येतो. जीएसटीची चिंता वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत नको.

बँकेच्या परीक्षेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पदवी पूर्ण होऊ द्या, कारण बी.कॉम.चा हिशेब याच धंद्यात रोज लागणार आहे. परीक्षेचा अभ्यास आणि चार कामं एकदम मात्र नको. दोन्ही अर्धवट राहतील. पदवीनंतर 12 महिने द्या, महिन्याची आवक वहीत लिहायला सांगा आणि तीन-तीन महिन्यांची सरासरी काढा. शेवटच्या दोन तिमाहींत ती 20,000 च्या जवळ नसेल, तर तेव्हा परीक्षेचं बघा. शिक्षण संस्था किंवा जाहिरात कंपनीतली डिझायनरची नोकरी हाही मधला रस्ता आहे.

या आठवड्यात तिने चारही गिऱ्हाइकांना एकेक मेल पाठवावा : काम कुठल्या टप्प्यावर आहे, कुणाच्या उत्तरासाठी थांबलंय, पुढची तारीख कोणती. नात्यातल्या पत्रिकेचं आपणच बोला. पैसे घ्यायचे तर ठरलेल्या दराने. आहेर म्हणून द्यायची तर तसं आधी सांगून, एकाच दुरुस्तीत.