सात किलो युरेनियमची भीती

प्रश्न : 2021 मध्ये एटीएसने मुंबईत सात किलो युरेनियम पकडलं. एवढ्यात अतिरेकी अणुबॉम्ब बनवतील म्हणे! खरं का हो? – एक गृहिणी, ठाणे

उत्तर : नाही, ताई. ते नैसर्गिक युरेनियम होतं. त्यात यू-235 (बॉम्बला लागणारा युरेनियमचा प्रकार) जेमतेम 0.7 टक्के, बॉम्बला साधारण 90 टक्के लागतं. बारावीच्या मुलांना मी हे गणित फळ्यावर करायला लावलं होतं : सात किलोतून सगळं यू-235 वेगळं काढलं, तरी हाती पन्नासेक ग्रॅम! शिवाय बॉम्बपुरतं यू-235 वेगळं करायला हजारो सेंट्रिफ्यूज (प्रचंड वेगाने फिरणारी यंत्रं) हवेत, ती गोदामात लपवून चालवता येत नाहीत. मला काळजी वाटते ती बेवारस भंगाराची. दिल्लीच्या मायापुरीत 2010 मध्ये लिलावातल्या जुन्या उपकरणातल्या कोबाल्ट-60 या किरणोत्सर्गी पदार्थाने भंगारातला एक कामगार दगावला. तीन पाकळ्यांचं किरणोत्सर्गाचं चिन्ह दिसलं, तर हात न लावता पोलिसांना कळवा.