बारावी आर्ट्सनंतर तालुक्याच्या छोट्या कॉलेजात समाजशास्त्र घेऊन बीए करावं की मुंबईला जावं?

तू लिहिलंयस की घर लांज्याकडे आहे, बारावी झालीय, समाजशास्त्र आवडतं, पण घरचे म्हणतायत करायचंच तर मुंबईला मामाकडे राहून मोठ्या कॉलेजात कर, इथे काय मिळणार. मी तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते, चालेल ना. मी राजापूर तालुक्यातली, 2012 ला असल्याच एका छोट्या कॉलेजातून समाजशास्त्र घेऊन बीए केलं, टीवायला वर्गात आम्ही नऊ जण. माझं मत विचारशील तर बीए इथेच कर, एमएला बाहेर जा.

आधी अडचणी सांगते म्हणजे नंतर तुला फसल्यासारखं वाटायला नको. आमच्या विषयाला एकच पूर्णवेळ सर होते, बाकीचे तासावर येणारे, ते वर्षाच्या मध्येच दुसरीकडे नोकरी लागली की जायचे आणि मग तो पेपर आपला आपण करायचा. लायब्ररीत मराठी पुस्तकं होती पण जुनी, इंग्रजी फारशी नव्हतीच. पावसात एसटी वेळेवर आली तर नशीब. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आता मेजर-मायनर आलंय (मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा), तर समाजशास्त्र तिथे शेवटपर्यंत मेजर म्हणून मिळतं का हे ॲडमिशनच्या आधी ऑफिसात जाऊन विचार, शिक्षकांनाही विचार, कारण लहान कॉलेजात कधी कधी विषय पहिल्या वर्षाला असतो आणि पुढे मुलंच नाहीत म्हणून बंद होतो, मग तुला नको असलेला विषय घ्यावा लागेल.

आता मी इथेच कर का म्हणते ते. टीवायला सरांनी फळ्यावर एक आकडा लिहिला, 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 बाया, महाराष्ट्राचा आकडा 929. आम्ही सगळे खूश, म्हटलं आपल्याकडे मुलींना किती मान आहे. सर काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले रविवारी आपापल्या वाडीत जा आणि प्रत्येक घरात आत्ता कोण राहतंय ते लिहून आणा, वयासकट. मी आमच्या वाडीतली घरं मोजली, बत्तीस. अकरा घरांना कुलूप, ती गणपतीला आणि शिमग्याला उघडणार. उरलेल्यांत म्हाताऱ्या, माझ्या आईच्या वयाच्या बाया, शाळेत जाणारी पोरं, आणि वीस ते पन्नासमधले पुरुष किती तर सहा. मग सर म्हणाले आता शून्य ते सहा वयाचा आकडा बघा, तिथे मुली मुलांपेक्षा कमीच आहेत, म्हणजे जन्माला जास्त येत नाहीत, पुरुष निघून गेलेत म्हणून बाया जास्त दिसतात. मला तो दिवस अजून आठवतो, कारण माझे बाबा विरारला आणि आई इथे भातलावणी, गुरं, कलमं, आजीचं औषधपाणी सगळं एकटीने करायची आणि आमच्या घरात याला कोणी कधी प्रश्न म्हटलंच नव्हतं.

तिथून मग एकातून एक निघत गेलं. जिल्ह्याची लोकसंख्या 2001 ला 16,96,777 होती ती 2011 ला 16,15,069 झाली, म्हणजे ऐंशी हजारांवर माणसं कमी. गंमत म्हणजे मुंबई शहर जिल्ह्याची पण त्याच दहा वर्षांत घटली, तर सरांनी विचारलं की मग चाकरमानी गेले कुठे, आणि उत्तर आमच्या घरातच होतं, आजोबा लालबागला गावाच्या खोलीत वीस जणांबरोबर राहून गिरणीत जायचे, जानेवारी 1982 चा संप झाला आणि ते गावी परत आले, बाबांना मुंबईत जागा परवडली नाही म्हणून ते विरार. मनिऑर्डर, मुंबई मंडळ, गावकी, देवळाच्या जीर्णोद्धाराची पावती हे सगळं समाजशास्त्र आहे हे मला मुंबईत मामाकडे राहून कळलं नसतं असं मला खरंच वाटतं.

आजीकडून खोतीचं कळलं, म्हणजे खोत गावाचा सारा गोळा करायचा आणि जमिनीवर हक्क चालवायचा ती जुनी पद्धत. पुस्तकात दोन ओळी असतात, बाबासाहेबांनी 1937 ला मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं, कायदा झाला 1949 ला. आजी सांगायची की तिच्या लहानपणी अर्धेलीने जमीन कसायचे आणि वर खोताच्या घरी फुकट राबायला जायचं, आपलं भात शेतात भिजत असलं तरी आधी त्याचं. हे बोलताना ती अजून आवाज खाली करायची, घरात आम्ही दोघीच असलो तरी. मी कॉलेजात असताना माडबनचं, म्हणजे जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाविरुद्धचं आंदोलनही चालू होतं, एप्रिल 2011 मध्ये साखरी नाटे गावात पोलीस गोळीबारात एक जण गेला, आणि आमच्या नऊ जणांत एक मुलगा मच्छीमारांच्या घरातला आणि एकीच्या काकांची जमीन प्रकल्पात गेलेली. सरांनी त्या दोघांना बोलू दिलं, एकमेकांवर चिडले पण बोलले, तास संपला तरी कोणी उठलं नाही. शंभर मुलांच्या वर्गात हे होत नाही गं.

आणि घरचे म्हणतील इथे काय, तर त्यांना सांग की डॉ. घुर्ये, ज्यांनी मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग वर्षानुवर्षं चालवला, एम. एन. श्रीनिवास आणि इरावती कर्वे हे मोठे अभ्यासक ज्यांचे विद्यार्थी, ते 1893 ला आपल्या मालवणात जन्मले.

इंग्रजीचं मात्र आजपासून मनावर घे. मी घेतलं नाही आणि एमएला मुंबईत पहिले सहा महिने वर्गात तोंड उघडलं नाही, माहीत सगळं होतं पण वाचायला दिलेलं एक प्रकरण मला चार दिवस लागायचं. रोज एक पान, डिक्शनरी घेऊन. 1880 चं रत्नागिरी-सावंतवाडीचं जुनं गॅझेटियर नेटवर फुकट आहे, तेच वाच, भाषा जड आहे पण गावांची नावं ओळखीची असतात म्हणून सोडवत नाही. फक्त ते इंग्रज साहेबांनी लिहिलंय, कोणत्या जातीबद्दल काय म्हटलंय ते जसंच्या तसं खरं धरू नकोस. पुढे एमए मुंबईला कर, किंवा टाटा इन्स्टिट्यूटचं (समाजविज्ञान शिकवणारी टिस) तुळजापूरला पण कॅम्पस आहे, गावाच्या कामात रस असेल तर ते बघ. कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट ही प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा लागेलच. मी बचत गटांच्या कामात आहे, पगार फार नाही पण घर चालतं.

एक काम मात्र पहिल्याच वर्षी कर, फोनवर रेकॉर्डिंग लावून घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बस. माझी आजी मी एमएच्या दुसऱ्या वर्षाला असताना गेली, खोताच्या घरी राबायला जाणाऱ्या बायकांची नावं तिला पाठ होती आणि मी ती कधी लिहून घेतली नाहीत.