पेडण्यात चार शेळ्यांसाठी जाळीच्या पॅनेलचा कमानी गोठा पावसात टिकेल का?

टिकेल, पण रोलमधली पातळ जाळी घेऊ नका, ती मधोमध बसते. निदान पाच मिलिमीटर तारेचं वेल्डेड पॅनेल हवं. १६ फुटी पॅनेल वाकवून दोन टोकांत आठ फूट अंतर ठेवलं, की मध्ये सहा फुटांच्या आसपास उंची मिळते. माणूस वाकून आत झाडू मारू शकतो. अशी दोन-तीन पॅनेलं शेजारी लावून तारेने आवळा. टोकं सुटू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना वासे टाकून जमिनीत ठोकलेल्या लोखंडी खुंट्यांना बांधा. खाली चिरा (जांभा दगड) लागला तर आधी पहारीने भोकं पाडून घ्या.

कमानीवर घातलेली ताडपत्री फाटते ती वाऱ्याने कमी, तारेच्या टोकांनी जास्त. कडेला जुना पाइप चिरून चढवा. माथ्याखाली आडवा वासा हवाच, नाहीतर पाण्याची पोटं धरतात. तोंड पूर्वेला ठेवा, पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. उन्हाळ्यात वर माडाची चुडतं टाका.

आत पोफळीच्या रिपांचं मचाण मात्र कराच. ओल्या जमिनीवर शेळ्यांचे खूर सडतात. म्हशीसाठी हा प्रकार नको, अंग घासून घासून आडवा करील.