'ग्रां क्रू'ला मराठीत 'महान पीक' म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की एका मराठी लेखात फ्रेंच वाइनच्या लेबलवरच्या 'ग्रां क्रू'चं भाषांतर 'महान पीक' केलेलं वाचलं, ते बरोबर आहे का, आणि हा शब्द बाटलीवर असला म्हणजे माल चांगला, पैसे वसूल, असं धरायचं का.

'महान' सोडून द्या, पण 'पीक' वाटतं तितकं चूक नाहीये. फ्रेंचमध्ये क्र्वात्र म्हणजे वाढणे, उगवणे, त्याचं धातुसाधित रूप क्रू, म्हणजे आपल्याकडे पिकणेवरून पीक झालं त्यातलाच प्रकार. फक्त फ्रेंचांनी पुढे त्या उगवलेल्या मालाचं नाव तो उगवतो त्या जागेलाच देऊन टाकलं, त्यामुळे वाइनवाल्यांच्या तोंडी क्रू म्हणजे पीक कमी आणि मळा जास्त. आणि ही जागा म्हणजे नेमकं काय हे प्रत्येक प्रांतात वेगळं आहे, सगळा घोळ तिथेच होतो.

बर्गंडीत क्रू म्हणजे खरोखरचं वावर. आपल्याकडे कसं, सातबाऱ्यावर गट नंबर असतो पण घरात कुणी नंबर सांगत नाही, 'वडाची पट्टी', 'टेकाडाखालचं' असंच म्हणतात, तशी तिथे एकेका तुकड्याला शेकडो वर्षांची नावं आहेत. अशा तुकड्याला ते क्लिमा म्हणतात (हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ उतार), असे 1,247 क्लिमा 2015 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अख्ख्या बर्गंडीत ग्रां क्रू 33च, त्याच्या खाली प्रमिए (म्हणजे पहिला) क्रू, मग गावाच्या नावाची वाइन. इथे गावंही बेरकी. जेव्हरे गावाने 1847 साली आपल्या सगळ्यात नामांकित मळ्याचं नाव स्वतःला जोडून घेतलं आणि जेव्हरे-शांबेर्तां झालं, तेव्हा नुसतं 'शांबेर्तां' लिहिलं असेल तर ग्रां क्रू आणि 'जेव्हरे-शांबेर्तां' असेल तर साधी गावची वाइन, माहेरचं आडनाव लावलंय की सासरचं एवढ्यावर किंमत कितीतरी पटीने बदलते. बरं, ग्रां क्रू म्हणजे डोळे मिटून घ्यावी असंही नाही. क्लो द वुझो हा भिंतीने वेढलेला साधारण 50 हेक्टरचा एकच मळा, मालक मात्र 80च्या आसपास, वरच्या अंगाला पाणी निचरून जातं आणि खाली रस्त्याकडे जड माती, पाणी धरून ठेवणारी, तरी लेबल सगळ्यांचं सारखंच! भाऊबंदकीत वाटणी झालेली जमीन ज्यांनी पाहिलीय त्यांना वेगळं सांगायला नको.

बोर्दोत आलात की सगळं उलटं. तिथल्या मेदॉक भागाच्या 1855च्या यादीत दर्जा मिळाला तो शातोला, म्हणजे वाइन बनवणाऱ्या घराण्याला, वावराला नाही. आणि त्या यादीत 'प्रमिए' म्हणजे सगळ्यात वरचा, बर्गंडीत तोच शब्द दोन नंबरचा. बोर्दोतल्याच सेंतेमिलियोंमध्ये तर 'ग्रां क्रू' हे नुसतं एक वेगळं आपेलासिओं, म्हणजे कायद्याने ठरवलेलं जागेचं नाव आहे, ढिगाने बाटल्या त्या नावाने निघतात, खरी निवडलेली ती ज्यावर पुढे 'क्लासे' लिहिलंय. हे मी स्वतःच्या पैशाने शिकलोय. लिओंला होतो तेव्हा साहेबांकडे जेवायला जायचं म्हणून सप्टेंबरमध्ये सुपरमार्केटांत वाइनची जत्रा भरते तिथून चांगली महागाची सेंतेमिलियों ग्रां क्रू उचलली, मोठ्या दिमाखात टेबलावर ठेवली, साहेबांनी लेबल वाचलं, छान म्हणाले आणि बाजूला ठेवली, उघडली ती स्वतःची मॉर्गों, माझ्या बाटलीच्या अर्ध्याहून कमी किमतीची आणि काय सांगू, चेरीसारखी रसरशीत, माझी नंतर घरी एकदा आणून प्यायलो तर नुसती लाकडाची चव.

मॉर्गों म्हणजे बोजोले, आणि इथे क्रूचा तिसरा अर्थ लागतो, गाव किंवा गावाभोवतीचं शिवार. असे दहा क्रू आहेत, मॉर्गों, फ्लरी, मुलां-आ-व्हां वगैरे, आणि लेबलवर बऱ्याचदा क्रू शब्द नसतो, बोजोलेही नसतं, फक्त त्या गावाचं किंवा शिवाराचं नाव. नोव्हेंबरात तिसऱ्या गुरुवारी निघणाऱ्या कोवळ्या बोजोले नूव्होने त्या भागाचं नाव हलकं करून ठेवलंय, त्यात तिथलं गामे हे द्राक्षाचं वाण पडलं गरीब घरचं, 1395 साली बर्गंडीच्या ड्यूकने ते उपटून टाकायचा हुकूमच काढला होता. म्हणून अजूनही भाव आवाक्यात आहेत. पैसे वसूल हवे असतील तर माझं मत इथेच.

आता मराठी शब्द. पेशवाईच्या दफ्तरात जमिनीची प्रतबंदी व्हायची, अव्वल, दूम, सीम. बर्गंडीपुरतं बोलायचं तर ग्रां क्रूला 'अव्वल मळा' आणि प्रमिए क्रूला 'दूम' मला एकदम चपखल वाटतं, क्लासमाँ म्हणजे तर प्रतबंदीच. पण बोर्दोला हे लावू नका, तिथे सरळ 'क्रू'च ठेवा. ताज्या हापूसला 'देवगड' म्हणतो तेव्हा आपण तरी भाषांतर कुठे करतो, कातळावरचा आंबा म्हटलं की समजणाऱ्याला समजतं. जाता जाता आणखी एक, 'क्यूव्हे' म्हणजे मूळ एका टाकीतला माल, त्याला आपला 'घाणा' शब्द चालेल, आणि 'व्हिएय व्हीन्य' म्हणजे जुन्या वेली, पण किती जुन्या याला कायदा नाही, त्यामुळे या दोन शब्दांवर जादा पैसे देऊ नका.

आणि शेजारच्या कपाटात चीजवर 'ले क्रू' (ले म्हणजे दूध) दिसलं तर ते अव्वल दूध समजू नका, तो क्रू वेगळा, लॅटिनमधून आलेला, अर्थ कच्चं, न तापवलेलं.