मुंबईहून आम्ही दोघंच जूनमध्ये युरोपला जाणार आहोत. १२ दिवसांत किती शहरं करावीत?

तीनच. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. आम्ही दोघं याच वाटेने गेलो. प्राग ते व्हिएन्ना रेल्वेने साधारण ४ तास, पुढे बुडापेस्ट अडीच-पावणेतीन तास. विमानतळाचे हेलपाटे नाहीत.

जूनमध्ये तिथे रात्री ९ पर्यंत उजेड असतो, म्हणून दुपारी खुशाल झोपा. प्रागचा चार्ल्स पूल मात्र पहाटे साडेपाचलाच गाठा. दहानंतर तिथे संध्याकाळच्या दादर स्टेशनसारखी गर्दी होते. सकाळी मात्र फक्त नदी, पुतळे आणि तुम्ही दोघं. ही म्हणजे आमच्या सगळ्या सहलीतली सर्वांत सुंदर वेळ होती, अगदी मनापासून सांगते.

हॉटेल घेताना एसी आहे का, हे नक्की विचारा. जुन्या इमारतींत बऱ्याचदा नसतो, आणि तिथला उन्हाळाही चांगलाच तापतो.

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज जिथे सर्वाधिक रात्री राहणार त्या देशाकडे करायचा. तो ६ महिने आधीपासून करता येतो, आणि उन्हाळ्यात मुंबईत अपॉइंटमेंट पटकन मिळत नाही, तेव्हा आजच बघा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. युरो फक्त व्हिएन्नात चालतात. प्रागला कोरुना, बुडापेस्टला फोरिंट.