बसले की अपराधी वाटतं

"दमते, पण जरा बसले की अपराधी वाटतं."

कणकवलीला मी समुपदेशन करते. माझ्याकडे येणारी माणसं हे वाक्य थोड्याफार फरकाने सारखी म्हणत असतात. शाळेतले शिक्षक म्हणतात, बँकेतल्या अधिकारी बाई म्हणतात, बारावीची मुलं म्हणतात, रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका म्हणतात. गेल्या काही वर्षांत किनाऱ्यावर होमस्टे चालवणाऱ्या बायकांकडूनही ते फार ऐकू येतं. मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांना वाटतं, कोकणात सगळं कसं निवांत. तो निवांतपणा पाहुण्यांच्या वाट्याला येतो. ज्यांच्या हातांवर तो उभा असतो त्या बायका पहाटे पाचला घावणे घालत असतात. त्यांच्यापैकी एकीची हकिगत सांगते. माझ्याकडे हीच तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला द्यायचं उत्तर तिच्यात सापडतं, असं मला वाटतं.

तिला वैशाली म्हणू या. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि तिला विचारूनच लिहिते आहे. वय अडतीस. कुणकेश्वरच्या बाजूला चार खोल्यांचा होमस्टे, मागे सासऱ्यांची हापूसची बाग. वर्ष कसं जातं, असं मी विचारलं तेव्हा तिने महिन्यांची माळच लावली. दिवाळीपासून पाहुणे. मग नाताळ. महाशिवरात्रीला कुणकेश्वराची जत्रा. मार्चपासून आंबा उतरवायचा, पेट्या भरायच्या. मे महिन्यात पाहुणे आणि पेट्या दोन्ही, शिवाय ऊन आहे तोवर आंबापोळी, आमसुलं, वर्षाचा मसाला. पाऊस लागला की लावणी. गणपतीला चाकरमानी येऊन घर भरतं. मग कापणी. कापणी आटपेपर्यंत दिवाळी आलेलीच.

"मग तू रिकामी कधी असतेस?"

"लाइट गेली की," ती म्हणाली. आणि लगेच, "तेव्हा पण लसूण सोलते."

ती आली होती ती विश्रांतीसाठी नव्हेच. तिला हवं होतं लक्ष वाढवण्याचं औषध. नाताळच्या आठवड्यात तिने एकच खोली दोन कुटुंबांना दिली होती आणि रात्री दहाला लहान मुलं असलेल्या कुटुंबाला दारातून परत पाठवावं लागलं होतं. आंब्याच्या पेट्या भलत्याच पत्त्यावर गेल्या होत्या. मुलावर हात उगारला होता, नंतर मोरीत जाऊन रडली होती. "पूर्वी पाहुणे आले की मला आनंद व्हायचा, मॅडम. आता गाडीचा आवाज आला की पोटात गोळा येतो. वाटतं, आले परत."

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली, ती आजार म्हणून नव्हे. दीर्घकाळ न सावरलेल्या कामाच्या ताणातून येणारी अवस्था, अशी ती नोंद आहे आणि तिची तीन अंगं सांगितली आहेत. अंगातली शक्ती आटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणं आणि कामाची धार कमी होणं. वैशालीने ही तिन्ही अंगं पहिल्या अर्ध्या तासात स्वतःच्या शब्दांत सांगून टाकली. तरी मी तिला आधी रक्त तपासून घ्यायला पाठवलं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ यांतलं काही बिघडलेलं असलं तर नुसत्या बोलण्याने थकवा जात नाही. हिमोग्लोबिन कमी निघालं, डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. थकवा थोडा हलला, अपराधी वाटणं जराही हललं नाही.

घरातले, शेजारचे, सगळेच तिला सांगत होते, "अगं, आराम कर." तिचं उत्तर ठरलेलं होतं. "कोणाच्या जिवावर?"

हा प्रश्न खोटा नव्हता. होमस्टेसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता होता, सासूबाईंचे गुडघे गेलेले होते, नवरा बागेत. ज्या बाईच्या वाटची कामं घ्यायला कोणी नाही तिला नुसतं आराम कर म्हणणं म्हणजे आणखी एक काम तिच्या डोक्यावर ठेवणं. हे मी तिला सांगितलं आणि त्यानंतर ती मोकळेपणाने बोलू लागली.

सुरुवातीला मी तिला आकडेही सांगितले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला झोपेचा एक प्रयोग मी अनेकांना सांगते. निरोगी माणसांना सलग चौदा दिवस रोज सहा तासच किंवा त्याहून कमी झोपू दिलं. शेवटी त्यांचं लक्ष आणि कामातली अचूकता इतकी घसरली होती, जणू एक-दोन रात्री त्यांनी डोळाच मिटला नव्हता. यातला महत्त्वाचा भाग पुढेच आहे. आपण किती घसरलोय हे त्या माणसांच्या फारसं ध्यानातच आलं नव्हतं. एवढ्या कमी झोपेची आता सवय झाली, असं त्यांना वाटत होतं. वैशाली रात्री साडेअकराला आडवी व्हायची आणि साडेचारला उठायची. "मला पुरते तेवढी," असं तीही म्हणत होती. खोलीचा घोळ आणि पेट्यांचे चुकलेले पत्ते यांचं मूळ तिला तेव्हा दिसलं. पटलंही. पुढच्या वेळी आली तेव्हा मात्र झोप तितकीच होती.

पटूनही माणूस आडवा का होत नाही, हा माझ्या कामातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा प्रश्न आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडायला सुरुवात केलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझं काम उभं आहे. त्या वाटेने जाताना मी घटनेपाशी थांबत नाही. घटनेमागे माणसाने स्वतःला कोणती अट घातली आहे, ती शोधते. वैशालीला मी विचारलं, "समज, दुपारी तू तासभर पडलीस. पाहुणे जेवलेत, कोणाचं काही अडलेलं नाही. डोक्यात काय येतं?"

बराच वेळ ती पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "आई म्हणायची, बसून खाणाऱ्या बाईला घरात किंमत नसते."

अट ही अशी होती. कामाने दमवलं होतं हे खरं, पण दम खायला बसताक्षणी तिची किंमत शून्य होत होती. अशा माणसाला विश्रांती सुख देत नाही, ती शिक्षेसारखी वाटते. म्हणून लसूण सोलत बसायचं, म्हणजे बसलंही आणि किंमतही राहिली.

त्यानंतरच्या एका भेटीत मी सहज विचारलं, "यंदा बागेचं कसं?" ती एकदम मोकळी झाली, कारण बाग हा तिच्या जाणकारीचा विषय. म्हणाली, गेल्या वर्षी भरपूर लागला, म्हणून यंदा बरीच कलमं रिकामी. हापूस मुळातच वर्षाआड धरणारा. आजूबाजूचे बागायतदार पावसाळ्यात मुळांशी कल्टार नावाचं रसायन घालतात. ते पालवी रोखतं आणि झाडाला मोहराकडे वळवतं, म्हणजे दर वर्षी फळ. "पण मापाने घालायला लागतं आणि खतपाणी तसंच द्यायला लागतं. नुसतं कल्टार ओतत राहिलं तर झाड खंगतं. आमच्या जुन्या कलमांना सासरे ते लावूच देत नाहीत. म्हणतात, गेल्या साली भरान दिल्यान, आता त्येका इसावो नको?"

"आणि त्या रिकाम्या वर्षात झाड काय करतं?"

"पालवी काढतं ना. ती जून झाली की तिच्यावरच पुढचा मोहर."

बोलता बोलता ती थांबली. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड मिटून बसायचं असतं आणि ते शिकायला मला बरीच वर्षं लागली आहेत. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मॅडम, मी दिवसाला दहा चहा पिते. माझं कल्टार तेच."

कोणालाही वाटेल, झालं काम. मलाही ते ऐकून फार बरं वाटलं. पण तिचं पुढचं वाक्य होतं, "म्हणजे आता विश्रांती घ्यायची, मग मी दुप्पट काम करीन." आणि मला कळलं की अट तिथेच आहे. तिने फक्त विश्रांतीला कामावर ठेवलं होतं. आता पडल्या पडल्या ती हिशेब करणार होती, या झोपेतून किती काम निघेल. विश्रांतीने काम चांगलं होतं, हे खरं आहे. पण त्या परताव्यासाठी डोळे मिटणाऱ्याचं मन पहाऱ्यावरच असतं.

म्हणून मी विचारलं, "ज्या वर्षी मोहर येत नाही, त्या वर्षी सासरे कलम तोडून टाकतात?"

"छे! तोडतील कसे?"

"त्या वर्षी त्याची किंमत किती?"

"किंमत काय, कलम आहे ते आमचं." आणि एवढं म्हणून ती रडायला लागली. माझ्या खोलीत माणसं रडतात, त्यात नवल नाही. पण हे रडणं दमण्याचं नव्हतं. आजवर स्वतःला जे दिलं नाही ते एका झाडाला आपण सहज देतो, हे तिला तिच्याच तोंडून ऐकू आलं होतं. माझ्या मते या कामात याहून मोठा क्षण नसतो. मी दिलेलं उत्तर ती घरी जाताना एसटीत विसरली असती, स्वतःच्या तोंडचं ती विसरणार नव्हती.

पुढचं सगळं व्यवहाराचं. आम्ही तिची बुकिंगची वही घेऊन बसलो. बुधवारी पाहुणे सगळ्यात कमी असतात, म्हणून बुधवारी नवीन पाहुणा घ्यायचा नाही असं ठरलं. जत्रेचा आठवडा आणि मे महिना त्यातून वगळला, कारण हप्ता भरायचा होता आणि न जमणारा नियम तिला पुन्हा अपराधीच करून सोडता. दुपारी अडीच ते चार स्वयंपाकघर बंद, तशी पाटी जेवणाच्या ओट्याशी. त्यात वीस-तीस मिनिटं झोप, तीही गजर लावून, म्हणजे उठल्यावर अंग जड होत नाही आणि रात्रीची झोप बिघडत नाही. चौकशीचे मेसेज रात्री नऊनंतर नवऱ्याने बघायचे. चहा चारनंतर बंद, म्हणजे रात्री पडल्यावर झोप लागायला वाव. दहाच्या आत अंथरूण. मोठ्या माणसाला किमान सात तास लागतात, ते पाहुण्यांच्या दिवसांत साधणार नव्हते, पण साडेसहापर्यंत ती पोहोचली.

एक अट मात्र मी घातली. त्या दीड तासात हाताला काही लागू द्यायचं नाही. लसूण नाही, मेथी निवडणं नाही, मुलाचा अभ्यास नाही. आणि मनात जे वाक्य उठेल ते तसंच वहीत लिहायचं. पहिल्या आठवड्यांत वही भरली. "सासूबाई काय म्हणतील." "शेजारीण बघते आहे." प्रत्यक्षात सासूबाई एवढंच म्हणाल्या, "दार लोटून घी, माश्यो येतत." हळूहळू वाक्यं कमी झाली. ती पूर्ण थांबली नाहीत, थांबायची गरजही नाही. वाक्य आलं तरी उठायचं नाही, एवढंच शिकायचं असतं.

मे महिना तिला अजूनही जड जातो. परवा आली तेव्हा दोन दिवस नीट झोपलेली नव्हती आणि मुलावर ओरडल्याचं सांगत होती. पण खोलीचा घोळ पुन्हा झालेला नाही. बागेतल्या पेट्यांचे पत्ते आता नवरा लिहितो, हेही मी विश्रांतीतच धरते.

तुमच्याकडे बाग किंवा होमस्टे नसेल, तरी अट असेलच. ती शोधायची असेल तर एक दिवस दुपारी अर्धा तास काही न करता बसा आणि पहिल्या दहा मिनिटांत मन तुम्हाला काय म्हणतं ते लिहून काढा. तोंडाने बोलताना आपण ते सौम्य करून सांगतो, कागदावर ते उघडं पडतं. ते कोणाचं वाक्य आहे, आईचं, मास्तरांचं, साहेबांचं, तेही बाजूला लिहा. मग ते वाक्य तुमच्या मुलीला किंवा मैत्रिणीला, ती दमून बसलेली असताना, तुम्ही ऐकवाल का, एवढं स्वतःला विचारा. आणि घरातल्या दुसऱ्या माणसांना माझं सांगणं, आराम कर असं म्हणण्यापूर्वी तिच्या हातातलं एक काम नेमानं स्वतःकडे घ्या.

दोन-तीन आठवडे पुरेशी झोप आणि थोडी मोकळीक मिळूनही मन कशातच लागत नसेल, आवडीची गोष्टही बेचव वाटत असेल, जगू नये असे विचार येत असतील, तर तो नुसता थकवा नव्हे, नैराश्य असू शकतं. तेव्हा विश्रांतीवर विसंबून राहू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. लांब जाणं जमत नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, दिवसरात्र सुरू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं.