बिअर्डेड ड्रॅगनसाठी मीलवर्म घरी वाढवता येतात का? पिल्लू चार महिन्यांचं आहे, घर ठाण्यात. डब्याला वास येतो का, रोज किती द्यायचे? कोंड्यावर पाणी किती वेळा फवारायचं?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. कोंड्यावर पाणी फवारायचं नाही. एकदाही नाही. थंडीत नाही, मे महिन्यात नाही आणि तुम्ही ठाण्यात राहता म्हणताय, तर जुलैमध्ये मुळीच नाही. ज्याने तुम्हाला हे सांगितलं त्याने मीलवर्म, म्हणजे कोंड्यात वाढणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्या, कधी पावसाळ्यातून पार नेलेले नाहीत, हे मी न बघता सांगतो.

मीही ठाण्यातच राहतो. माझा बंड्या, बिअर्डेड ड्रॅगनच, म्हणजे पाळीव सरडा, आता सहा वर्षांचा आहे आणि 2022 नंतर मी त्याच्यासाठी एकदाही मीलवर्म विकत आणलेले नाहीत. हे जमलं ते बाबांमुळे. बार्शीला आमचं धान्याचं दुकान होतं. ज्या माणसाची चाळीस वर्षं ज्वारीतले टोके आणि हरभऱ्यातले भुंगे यांच्याशी झगडण्यात गेली, त्याच्या मुलाने घरात मुद्दाम भुंगेरे पाळावेत, हे त्यांना सोसत नव्हतं. पहिल्यांदा डबा पाहिला तेव्हा ते काही बोलले नाहीत. गव्हाचा आणि तांदळाचा डबा उचलून त्यांनी आतल्या खोलीत नेऊन ठेवला.

2022च्या जुलैत मला कामासाठी अकरा दिवस हैदराबादला जावं लागलं. बंड्याला मुलुंडला दादाकडे ठेवलं, सोबत मीलवर्मचे तिन्ही डबे. सांगून गेलो होतो की तीन दिवसांनी गाजराच्या दोन चकत्या टाकायच्या, जुन्या काढायच्या, बाकी कशाला हात लावायचा नाही. दादाला कोंडा कोरडा ठणठणीत दिसला. ‘जीव आहे, त्याला पाणी नको का?’ असं म्हणून त्याने इस्त्रीसाठी ठेवलेल्या बाटलीने सकाळ-संध्याकाळ फवारा मारला आणि वर झाकण घट्ट लावलं. केलं ते मायेनेच केलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

परत आलो तेव्हा बाबाही तिथेच होते. झाकण उघडलं तर डब्याच्या कडेने बिस्किटाच्या चुऱ्यासारखी बारीक पूड चढलेली. मला वाटलं कोंड्याची धूळ. बाबांनी त्यातून बोटाने एक रेघ ओढली आणि म्हणाले, ‘थांब जरा.’ आम्ही बघत उभे राहिलो. हळूहळू रेघेच्या कडा सरकायला लागल्या आणि रेघ बुजली. ती पूड जिवंत होती. धान्यातले माइट्स, एकेकटा असेल तर डोळ्याला दिसणारही नाही एवढा बारीक जीव. मग तोवर त्या डब्याला बोट न लावलेल्या बाबांनी आख्खा पंजा कोंड्यात घातला, पोत्यात घालून बघायचे तसा. ‘माल तापलाय,’ ते म्हणाले. मी हात घातला तर आत खरंच ऊब होती. तळाशी कोंड्याचे गोळे झाले होते आणि बहुतेक अळ्या काळ्या पडून मऊ झाल्या होत्या.

धान्य ओलं झालं की आतून तापतं, बुरशी धरतं, मग किडे-माइट्स येतात. बाबांना हे पोत्यांमुळे माहीत होतं. अळ्या माइट्सनी मेल्या नाहीत, ओलीने मेल्या. माइट्स आले तेही ओलीमुळेच.

त्या रात्री बाबांनी गव्हाचा कोंडा कढईत कोरडा भाजला, उपम्याचा रवा भाजतात तसा मंद आचेवर हलवत, आणि परातीत पसरून पूर्ण गार केला. मी जिवंत अळ्या रंगाच्या ब्रशने एकेक झटकून वेचल्या. त्रेसष्ट निघाल्या. बाकी सगळं उकळतं पाणी ओतून फेकलं.

दादा आजही म्हणतो की त्या अळ्या मुळातच कमजोर होत्या. मग त्याच डब्यांतल्या, त्याच पिढीतल्या त्रेसष्ट अळ्या कोरड्या कोंड्यात जगल्या कशा? तीन-चार सोडल्या तर सगळ्यांचे कोष झाले, भुंगेरे निघाले, आणि आज माझ्याकडे जे आहे ती सगळी त्यांचीच वीण आहे. शिवाय मीलवर्मला पाणी प्यावं लागतच नाही. गाजरातून मिळतं तेवढं पुरतं. हवेतली आर्द्रता 88 टक्क्यांच्या वर गेली की ही अळी गुदद्वाराकडच्या भागातून हवेतली वाफसुद्धा शोषून घेते. पावसाळ्यात मुलुंडची हवा तिथवर जातेच. तिथे बाटली कशाला लागते?

आता तुमचं. गुळगुळीत प्लॅस्टिकचे तीन डबे घ्या. अळ्या-भुंगेऱ्यांना त्यावर चढता येत नाही. झाकणाला मोठं भोक पाडून बारीक तारेची जाळी बसवा. कोंडा पेंडीच्या दुकानात मिळतो. भाजून किंवा तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून, पूर्ण कोरडा झाला की मगच वापरा, दोन-तीन इंच पुरे. एका डब्यात भुंगेरे, एकात अळ्या, एकात कोष. कोष वेगळे काढायचेच, नाहीतर अळ्या आणि भुंगेरे त्यांना कुरतडतात. दोन आठवड्यांनी भुंगेरे चाळून नव्या कोंड्यात घाला आणि जुना कोंडा टाकू नका, अंडी त्यातच असतात. आपल्याकडच्या उबेत अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत तीन-चार महिने धरा. घाई करून सुरुवातीच्याच अळ्या खाऊ घातल्या तर वीण वाढणार नाही. वास विचारलात, तर कोरड्या डब्याला फक्त कोंड्याचा वास येतो. वेगळा आला की गाजर काढून हात घालून बघा, ओल सापडेल. तळाशी वाळूसारखी विष्ठा साठते, ती माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीत जाते.

रोज किती द्यायचे? चार महिन्यांच्या पिल्लाला मीलवर्म हे मुख्य खाणं म्हणून देऊच नका. कवच चिवट, चरबी जास्त, कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस त्याच्या कितीतरी पट. नुसत्या मीलवर्मवर वाढवलेल्या पिल्लाची हाडं वाकतात. त्याला क्रिकेट्स (रातकिडे) किंवा डुबिया झुरळं द्या, त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठी नकोत. कॅल्शियमची पूड लावून द्या, पालेभाजी रोज ठेवा आणि यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा हवाच. मोठा झाला की तो मुख्यतः पालाच खाईल आणि मीलवर्म अधूनमधून. बंड्याला आठवड्यातून दोनदा, आठ-दहा.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर हे डबे झोपायच्या खोलीत ठेवू नका. कोंडा आणि विष्ठेच्या धुळीने त्रास होऊ शकतो, चाळताना मास्क लावा. आणि हे वाचून कुणी घोरपड किंवा तारा कासव घरी आणायचा विचार करत असेल तर तो गुन्हा आहे, सरळ तुरुंग.

दादाला या उत्तराची लिंक पाठवतोय. त्याने मुलाला कासव आणायचं ठरवलंय आणि पुन्हा मीलवर्म मागितलेत. देणार आहे. तुम्हालाही हवे असतील तर ठाण्यातच आहे, पन्नासेक भुंगेरे सहज देईन. येताना डबा पुसून, उन्हात वाळवून आणा.